छायाचित्रांतलें विमान

कोणास पत्त्यांचा नाद असतो, कोणास टपालाचीं तिकिटें जमविण्याचा. आम्हांस आकाशाकडे पाहण्याचा आहे. डोक्यावरून विमान गेलें कीं हातांतलें काम टाकून आम्ही गच्चीकडे धांवतों आणि त्याचें कूळ कोणतें तें ठरवूं लागतों. घरांतलीं माणसें यास वेड म्हणतात, आणि त्यांत त्यांचें फारसें चुकतें असें आम्हांसही वाटत नाहीं. आजकालच्या विमानांचें काम मात्र सोपें. खरी कसोटी लागते ती जुन्या, पिवळ्या पडलेल्या छायाचित्रांतील विमानापुढें.

ओळखण्याची रीत तशी साधी आहे. प्रथम पंख पाहावे: ते किती, धडाच्या वर कीं खालीं, सारख्या रुंदीचे कीं टोंकाकडे निमुळते. मग इंजिन, मग धड, आणि शेवटीं शेपूट. रंगावर विश्वास ठेवूं नये. रंग कोणासही फांसतां येतो. दुसऱ्या महायुद्धांत इंग्लंडांतील शाळकरी पोरेंदेखील विमानांच्या काळ्या आकृती पाहून त्यांचीं नांवें पाठ करीत. तो केवळ खेळ नव्हता. ६ सप्टेंबर १९३९ रोजीं, युद्ध पुकारून तीनच दिवस झाले असतां, इंग्लंडच्या स्पिटफायर विमानांनीं आपल्याच पक्षाचीं दोन हरिकेन विमानें शत्रूचीं समजून पाडलीं आणि एक तरुण वैमानिक प्राणास मुकला. ओळख चुकण्याची किंमत कधीं कधीं एवढी असते.

आमच्या वांट्यास आलेला प्रसंग इतका भयंकर नव्हता. पण सोपाही नव्हता. आमच्या घरीं आजोबांचें एक छायाचित्र आहे. धोतर, लांब कोट, डोकीवर काळी टोपी, आणि मागें एक लहानसें विमान. पाठीमागें शाईनें 'जुहू, विमानासमवेत' असें लिहिलेलें असून त्याखालीं निराळ्या अक्षरांत '१९३२' हा आंकडा आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा ज्या विमानांतून कराचीहून अहमदाबादमार्गें टपाल घेऊन जुहूस उतरले, तेंच हें विमान, अशी आमच्या आत्याबाईंची ठाम श्रद्धा. आल्यागेल्यास हें छायाचित्र पाहिल्यावांचून त्यांच्याकडे चहा मिळत नसे. आम्हींही ती गोष्ट लहानपणापासून खरी मानली होती.

गेल्या वर्षीं धाकट्याच्या शाळेंतील प्रदर्शनासाठीं तें छायाचित्र मोठें करून घेतलें, आणि सवयीनें आमची दृष्टि आजोबांच्या आधीं पंखांकडे गेली. टाटांचें विमान पस मॉथ जातीचें. त्याच्या पंखांची एकच जोडी, धडाच्या माथ्यावर. आणि ते बुडापासून जवळजवळ टोंकापर्यंत सारख्या रुंदीचे. आमच्यापुढील पंख टोंकाकडे स्पष्ट निमुळता होत गेलेला! म्हणजे हें लेपर्ड मॉथ. त्याच डी हॅविलँड कारखान्यांतलें धाकटें भावंड. पण या धाकट्याचें पहिलें उड्डाण १९३३ च्या मे महिन्यांतलें. जें १९३२ सालीं जन्मासच आलें नव्हतें, त्याच्यापुढें आजोबा उभे राहिले तरी कसे?

दोन दिवस आम्ही मुकाट्यानें राहिलों. नव्वदीस टेंकलेल्या माणसाचें जन्मभराचें भूषण काढून घेऊन आम्हांस काय मिळणार होतें? पण प्रदर्शनांत मुलांपुढें खोटें मांडण्यासही मन धजेना. अखेर भिंग घेऊन आत्याबाईंकडे गेलों आणि सारें सांगितलें. त्यांनीं पुष्कळ वेळ पंख न्याहाळला. मग म्हणाल्या, "अरे, विमान दुसरें असेल, पण पुढें उभे आहेत ते आबाच ना?" आणि थोड्या वेळानें हळूच, "तो आंकडा माझाच आहे. आबा एवढेंच म्हणत, 'पोरी, मीं विमानाला हात लावला होता.' टपालाची गोष्ट मीं मागाहून जोडली."

तेव्हां आम्हांस दोन विमानें आठवलीं. १९८२ सालीं, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं, टाटांनीं त्या उड्डाणाच्या पन्नाशीनिमित्त कराची ते मुंबई हा प्रवास पुन्हां एकट्यानें केला, तो लेपर्ड मॉथमधूनच! तसेंच २०१८ सालीं आपल्या वायुसेनेस भेट मिळालेल्या जुन्या डकोटा विमानावर 'व्हीपी ९०५' हा क्रमांक आहे. २७ ऑक्टोबर १९४७ रोजीं श्रीनगरास सैन्य घेऊन उतरलेल्या डकोटाचा तो. पण हीं मूळचीं विमानें नव्हेत, हें कोणीं लपविलें नाहीं. म्हणूनच त्यांत फसवणूक नाहीं, आदर आहे. मूळ वस्तूच्या जागीं दुसरी उभी करण्यास हरकत नाहीं; तिलाच मूळ म्हणणें तेवढें वाईट.

आत्याबाईंचा आंकडा आम्हीं पुसला नाहीं. त्याच्या बाजूस पेन्सिलीनें 'लेपर्ड मॉथ. १९३३ किंवा नंतर' एवढेंच लिहिलें. छायाचित्र अजूनही पाहुण्यांपुढें येतें. फरक इतकाच कीं, आतां आत्याबाई त्यांच्या हातीं भिंग देऊन आधीं पंख निमुळता आहे कीं नाहीं तें ओळखावयास लावतात, चहा त्यानंतर.