रडायचं कुणापाशी?



आम्ही तिघे भावंडे डिलाईल रोडच्या बी.डी.डी. चाळीत वाढलो. १६० चौरस फुटांची खोली, त्यात आठ माणसे. आईला आम्ही आये म्हणत असू. आये शाळेत गेली नव्हती. पण तिने एकदा असा प्रश्न विचारला, की त्याचे उत्तर उमजायला आम्हां शिकलेल्यांना काही वर्षे लागली. तोच प्रश्न आज आपल्यापुढे ठेवतो.

७ डिसेंबर १९५६ रोजी दादर चौपाटीवर परमपूज्य बाबासाहेबांच्या चितेसमोर लाखो लोकांनी भदन्त आनंद कौसल्यायन यांच्याकडून धम्मदीक्षा घेतली. त्या गर्दीत आमचे आईवडील होते. दुसऱ्या दिवशी बाबांनी घरातले देव फडक्यात बांधले आणि वरळीच्या समुद्रात सोडून दिले. आयेने हळदीकुंकवाचा करंडाही त्याच फडक्यात टाकला. मागे वळून पाहिले नाही.

बाबा गिरणीत होते. आधी कार्डिंगला, मग त्रासन खात्यात. दोन्हीकडे कापसाची तूस. रात्री घरी आले की केसांवर, भुवयांवर पांढरे पांढरे. आम्ही लहानपणी हसायचो, म्हणायचो, बाबा म्हातारे झाले! पुढे त्यांना खोकला लागला. सुट्टीनंतर कामावर गेले की पहिल्याच दिवशी छाती आवळायची. चाळीत सगळे त्याला दमा म्हणत. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगारांबरोबर बाबाही घरी बसले. गिरणी सुटली, पण खोकला सुटला नाही. १९८६ साली बाबा गेले.

जलदान विधी झाला. पाहुणे पांगले. शेजारच्या मावशी आयेजवळ बसून म्हणाल्या, "मागल्या जन्माचे भोग गं बाई. देवाच्या मर्जीपुढं कुणाचं चालतं?" आमचा थोरला भाऊ उसळला. देव नाही, आत्मा नाही, मागला जन्म नाही, असे त्याने मावशींना भरभर ऐकवले. मावशी बिचाऱ्या उठून गेल्या. तेव्हा आये म्हणाली, "देव नाय हे मला तुझ्याआधी ठावं हाय. म्याच सोडला त्याला. पण पूर्वी दुखलं की देवाला शिव्या तरी घालता यायच्या. आता कुणाला घालू? रडू कुणापाशी?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. बावीस प्रतिज्ञा पाठ होत्या, पण त्या रात्री तोंडातून शब्द फुटला नाही.

त्यानंतरच्या वर्षावासात विहारात 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन सुरू होते. आम्ही या वेळी कान देऊन ऐकले. माणूस गरीब जन्मला तो पूर्वजन्मीच्या कर्मामुळे, असे एकदा मान्य केले की समाजाची आणि सरकारची जबाबदारी संपते, असे बाबासाहेबांनी त्यात स्पष्ट मांडले आहे. मग अंगुत्तर निकायातला उपदेश कळला. माणसाचे सुखदुःख सगळे पूर्वकर्माने ठरते, सगळे ईश्वर ठरवतो, किंवा सगळे विनाकारण घडते, ही तिन्ही मते तथागतांनी नाकारली. कारण यांपैकी कुठलेही मत धरले तरी माणसाला हे करावे आणि हे करू नये, असे म्हणायला जागाच उरत नाही. त्याचे हातपाय गळतात.

आम्ही हे बाबांच्या खोकल्याला लावून पाहिले. पूर्वकर्म असेल तर औषध कशाला? देवाची मर्जी असेल तर युनियन कशाला? उगाच झाले असेल तर खात्यातली तूस ओढून घेणारे यंत्र कशाला? पण डॉक्टरांच्या पुस्तकात या दुखण्याला नाव आहे, बिसिनोसिस. कापसाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळणे हीच त्याची खूण. धूळ कमी केली तर आजार टळतो. म्हणजे आमच्या बापाचे दुःख आभाळातून पडलेले नव्हते.

परळच्या माणसाला हे नवीन वाटू नये. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा कित्येकांना तो देवीचा कोप वाटला. हाफकिन यांनी नवस न करता लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली. त्यांच्या नावाची संस्था आजही परळला उभी आहे. पुढे उंदीर आणि पिसू हे कारणही सापडले.

आणखी एक कारण होते, जे डॉक्टरांच्या पुस्तकात नाही. आमचे आजोबाही त्रासनलाच होते. साचे खात्यात पगार जास्त, पण तिथे आपल्या माणसाला प्रवेश नव्हता. धोट्यातली कांडी बदलली की धागा तोंडाने ओढावा लागे, आणि आपल्या तोंडचा धागा इतर कामगारांना विटाळ वाटे. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. ही बंदी कुठल्या देवाने घातली होती? माणसांनी घातली, म्हणून माणसांना ती मोडता आली.

हे सगळे आम्ही एके दिवशी आयेला उत्साहाने सांगितले. तिने भाकरी थापता थापता ऐकून घेतले. म्हणाली, "बरं केलं शोधलंत. पण हे झालं शिव्या कुणाला घालायच्या त्याचं. रडायचं कुणापाशी, ते सांगितलं न्हाई."

आणि मग तिनेच सांगितले. "किसा गोतमीचं पोर मेलं, तेव्हा भगवंतानं तिला मोहऱ्या आणायला दारोदार धाडलं. ज्या घरी कुणी मेलं नाय, तिथल्याच मोहऱ्या. तुम्ही सांगता, तिला मरण कळलं. अरे, ती दारोदार गेली म्हणून तिला रडायला माणसं मिळाली! रमाईची चार लेकरं गेली. तिनं कुणापाशी रडायचं? साहेब परदेशी, घरात दाणा नाय. आजूबाजूच्या बायाच ना तिच्या?"

आम्ही गप्प झालो. मावशींना आपण दारातून उठवून लावले होते, हे तेव्हा लख्ख कळले. त्यांचे म्हणणे चुकीचे होते, पण त्या रडायला आल्या होत्या. संध्याकाळी थोरला त्यांच्या खोलीवर गेला. काय बोलला ते त्याने सांगितले नाही. परत आला तेव्हा हातात पोह्यांची बशी होती.

त्यानंतर चाळीत कुठेही दुखणे किंवा मरण आले की आये आधी जाऊन बसायची. देव आहे की नाही यावर एक शब्द नाही. दुसऱ्या दिवशी मात्र विचारायची, "दवाखान्याचे कागद कुठं हायत? फंडाचे पैसे मिळाले का?" आणि आम्हांला अर्ज लिहायला बसवायची.

२००९ साली आये गेली. खोलीत पहिल्या आल्या त्या मावशी, काठी टेकत. त्यांच्या गळ्यात अजून देवाची माळ होती. आमच्यापैकी कुणी काही बोलले नाही. त्यांना जागा करून दिली आणि आम्ही सगळे मिळून रडलो.