गोदाचं खरं वय

तळजाईच्या पायथ्याशी ती मला दिसली, तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता. जुलैचा पहिला आठवडा. कुंपणाच्या खांबाला नायलॉनची दोरी बांधलेली आणि दोरीच्या टोकाला एक भिजलेली, पिवळसर लॅब्रेडॉर. तोंडावरचे केस पांढरे झालेले, पोटाखाली स्तन लोंबलेले. वर्षानुवर्षं तिच्याकडून पिल्लं काढून घेतली होती, हे बघताक्षणी कळत होतं. टेकडीवर रोज फिरायला येणारे एक आजोबा म्हणाले, “रात्रीच कुणीतरी बांधून गेलंय.” मी ओंजळीत पाणी धरलं. ते तिने संपवलं, बाटलीतलंही संपवलं आणि मग दोरी ताणून शेजारच्या डबक्याकडे ओढ घेऊ लागली.

त्या तहानेनेच तिला वाचवलं. ती सारखी पाणी पितेय असं मी सांगताच डॉक्टरांनी सोनोग्राफी केली. गर्भाशयात पू झाला होता. नसबंदी न झालेल्या, वय झालेल्या मादीला माजानंतर काही आठवड्यांनी हा आजार होऊ शकतो. पाणी खूप पिणं, शू वाढणं, जेवण सोडणं, मलूल होणं ही त्याची लक्षणं. उपचाराला उशीर झाला तर जीव जातो. त्याच दुपारी ऑपरेशन करून तिचं गर्भाशय काढलं.

टाके सुकल्यावर डॉक्टरांनी तिला नीट तपासलं. दात झिजलेले, कमरेच्या सांध्यांची झीज एक्स-रेत स्पष्ट दिसणारी. डोळ्यांत निळसर झाक होती, पण तो मोतीबिंदू नव्हता; वयाने येणारा बदल होता आणि तिला चांगलं दिसत होतं. “दहा वर्षांची तरी असेल,” डॉक्टर म्हणाले. आईने तिचं नाव गोदा ठेवलं.

तिला असं बांधून जाणाऱ्यावर तक्रार करायची मी ठरवलं होतं. उपासमार होईल अशा अवस्थेत जनावर सोडून देणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पण पहिल्या गुन्ह्याला दंड किती, तर १० ते ५० रुपये. माणूस तर सापडलाच नाही. मग मी तो राग बाजूला ठेवला आणि तिच्यासाठी घर शोधायला लागले.

“मग तूच का नाही ठेवून घेत?” हे मला सगळ्यांनी विचारलं. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. गोदा २९ किलोंची होती. मी आणि धाकटा भाऊ चादरीची झोळी करून तिला दिवसातून तीनदा खाली-वर नेत होतो. जिन्यात ती थरथरायची. आमच्या प्रेमाने तिच्या कमरेचं दुखणं थांबणार नव्हतं. तिला जमिनीलगतचं घर हवं होतं.

आणि इथे माझ्या हातून चूक झाली. मुलीचं स्थळ सांगताना वय कमी करून सांगावं, तसंच मी केलं. तिचा उन्हातला सुंदर फोटो काढला आणि खाली लिहिलं : ‘वय अंदाजे सहा, अतिशय शांत, मुलांमध्ये रमणारी.’ ऑपरेशननंतर काही माद्यांना झोपेत थेंब थेंब शू होते. गोदाचं अंथरूण दोनदा ओलं झालेलं मी पाहिलं होतं. ते लिहिलं नाही. आधी कुणी घेऊ तर दे, मग प्रेम बसेलच, अशी मी स्वतःची समजूत घातली.

सप्टेंबरात एका कुटुंबाने तिला नेलं. भली माणसं होती. मुलांना चेंडूमागे धावणारी कुत्री हवी होती. गोदा चार पावलं टाकून बसायची. सोफा ओला झाला, गालिचा ओला झाला. अकराव्या दिवशी त्यांनी तिला परत आणून सोडलं. त्या बाई म्हणाल्या, “आधी सांगितलं असतंत तर आम्ही विचार तरी केला असता.” त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. गोदा दाराच्या कोपऱ्यात तोंड भिंतीकडे करून पडली आणि दोन दिवस तिने अन्नाला तोंड लावलं नाही. दुसऱ्यांदा टाकून दिल्याचं दुःख तिच्या वाट्याला आलं ते माझ्यामुळे.

त्या रात्री मी नवा मजकूर लिहिला. ‘वय दहा किंवा जास्त. कमरेचा त्रास आहे, रोज गोळी लागते, पायऱ्या चढवत नाहीत. झोपेत कधी कधी शू होते. औषधाने बरीच आटोक्यात आहे. धावत नाही, भुंकत नाही. पायाशी माणूस बसलेलं असलं की तिला दुसरं काही नको असतं.’ फोटोही बदलला. पांढरं तोंड जवळून दिसेल असा लावला.

पहिल्या मजकुराला कितीतरी फोन आले होते. याला सहा आठवड्यांत तीन आले. तिसरा वाईहून होता. एसटीतून निवृत्त झालेले चालक. म्हणाले, “आमच्या घराला पायरी एकच हाय, ती बी बसकी. माझं सुद्धा गुडघं गेल्यात. आम्ही दोघं हळूहळूच चालू.”

मी विचारलं, “काका, पिल्लू का नको तुम्हाला?”

“माझं वय एकाहत्तर. पिल्लू आणलं तर ते आमच्या मागं राहील, त्याचं कोण बघणार? हिचं मात्र आमच्या हातनं निभंल.”

इतका सरळ विचार तोवर मी कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता. तरी आधी एकटीच जाऊन घर पाहून आले. यात अविश्वास काही नाही, ती घर शोधून देणाऱ्याची जबाबदारीच आहे. फरशी गुळगुळीत होती, म्हणून तिच्या जागेपासून दारापर्यंत गोणपाट अंथरायला सांगितलं. काकूंनी वहीत लिहून घेतलं : गोळी जेवणानंतर, कांदा आणि द्राक्षं अजिबात नाही, वजन वाढू द्यायचं नाही, रेबीजची लस दर वर्षी.

नोव्हेंबरात आम्ही गोदाला घेऊन निघालो. खंबाटकी घाट चढताना तिने माझ्या मांडीवर डोकं टेकवलं. सुरूरला वळलो तरी तिने ते उचललं नाही. निघताना मी काकांना सांगितलं, पहिले तीन दिवस ती बावरलेली असेल, तीन आठवड्यांत घराच्या वेळा ओळखेल, तीन महिन्यांनी तुमची होईल. तोवर ओढाताण करू नका. रेस्क्यूवाल्यांचा हा ठोकताळा प्रत्येकाला तंतोतंत लागू पडत नाही, पण माणसाला धीर धरायला त्याचा उपयोग होतो.

पहिला आठवडा ती फाटकाकडे तोंड करून बसायची, असं काकू फोनवर सांगायच्या. मग एके दिवशी काका संध्याकाळी घाटावर निघाले, तेव्हा ती आपली आपण उठली आणि त्यांच्यामागे चालू लागली. त्यानंतर तोच तिचा नेम झाला. घाटापर्यंत जायचं, कृष्णेकडे बघत दोघांनी बसायचं आणि अंधार पडायच्या आत परत यायचं. मी दोनदा जाऊन आले. तिने मला ओळखलं, शेपटी हलवली आणि काकांच्या पायाशी जाऊन बसली. मला हेच हवं होतं.

गोदा वाईच्या त्या घरात एक वर्ष आणि सात महिने जगली. गेली तीही गोणपाटावरच, झोपेत. महिन्याभराने काकांचा फोन आला. “अशीच एखादी म्हातारी असली तर सांगा. गोणपाट अजून काढल्यालं न्हाई.”

म्हाताऱ्या कुत्र्यासाठी घर शोधणाऱ्यांना मला एवढंच सांगायचं आहे : त्याचं वय लपवू नका, दुखणं लपवू नका. फोन कमी येतील, दिवस जास्त लागतील. पण त्याला वयासकट हवं म्हणणारं एकच घर पुरतं. आणि ज्यांचे स्वतःचे गुडघे आता कुरकुरतात, त्यांनी पिल्लाच्या आधी एकदा पांढऱ्या तोंडाच्या कुत्र्याचा विचार करावा. चालण्याचा वेग जुळेल.