हिचे डोळे पुसा

काही माणसे अशी असतात, की काम नसताना ती उत्साहाने सळसळतात आणि ऐन गरजेच्या वेळी मान टाकतात. आमच्या नायगावच्या अण्णांच्या जीपचा वायपर याच जातीचा होता. जीप उभी असली, की तो लंबकासारखा डौलात झुले. जीप धावू लागली, की त्याला सुस्ती चढे. आणि पाऊस कोसळत असताना समोर चढ आला, की स्वारी काचेच्या मधोमध थांबून राही.

अण्णा म्हणजे जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या हाकून निवृत्त झालेला माणूस. स्वतःची म्हणून त्यांनी एकच गाडी घेतली, तीही लिलावात. 1940 च्या दशकाच्या अखेरीस माझगावला विलीज जीपांची जुळणी होऊ लागली, त्या घराण्यातली ही. बी. डी. डी. चाळीतली आमची बिऱ्हाडे 160 चौरस फुटांची. पण खाली पत्र्याच्या छपराखाली जीप मात्र ऐसपैस नांदत होती. आता शंभरीला टेकलेल्या या चाळी जाऊन उंच इमारती व्हायच्या. माणसांना मोठी घरे मिळणार, पण त्या बेतात जुन्या जीपला जागा नव्हती. गिरगावातल्या एका हौशी गृहस्थांनी ती घ्यायचे कबूल केले. रविवारी न्यायला येणार होते.

"मास्तर," अण्णा मला म्हणाले, "पोरीला सासरी धाडताना तिचे डोळे पुसून धाडतात. हिचे डोळेच पुसले जात नाहीत हो!"

यावर काय बोलावे? मी शाळेत मराठी शिकवतो. समास सोडवायचा असता, तर एक वेळ सोडवला असता.

तरी शेजारधर्म म्हणून एका पावसाळी संध्याकाळी मी अण्णांबरोबर निघालो. या जीपला दोन वायपर. चालवणाऱ्याच्या समोरचा आपोआप हलणारा. शेजारच्याचा मात्र हाताने फिरवायचा. तो मान मला मिळाला. हिंदमाताच्या पुलावर जीप चढू लागली, तसा अण्णांचा वायपर थांबला. मागून बसगाडी भोंगा वाजवते आहे, समोर पाण्याची भिंत, आणि मी दळण दळावे तसा माझा दांडा फिरवतो आहे! अण्णांनी क्षणभर पाय उचलला. वायपरने सपासप दोन फेऱ्या मारल्या. पाय दाबला, पुन्हा मौन. त्या वेळी मला मेरी अँडरसन या बाईची आठवण झाली. न्यूयॉर्कच्या ट्राममध्ये बसली असताना, काचेवरच्या हिमामुळे चालकाला समोरचे दिसत नाही हे पाहून तिने हाताने फिरवायचा पुसणा योजला आणि 1903 साली त्याचे पेटंट मिळवले. पूल उतरेपर्यंत मी मनातल्या मनात त्या माउलीला नमस्कार केला.

दोघा मेकॅनिकांनी एकच उपाय सांगितला होता : ही जुनी भानगड काढून विजेची मोटर बसवा. अण्णा ऐकेनात. "माणूस बरा करा म्हटले, तर हे माणूसच बदलायला सांगतात!"

शेवटी माझाच एक जुना विद्यार्थी धावून आला. हा मुलगा चार वर्षे माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसे. त्याच्या प्रगतिपुस्तकात मी दर सहामाहीला एकच शेरा लिहीत असे : 'लक्ष नसते.' आज तो गॅरेजमध्ये काम करतो. त्याने जीपचे बॉनेट उघडले आणि प्रथम काहीच केले नाही. नुसता ऐकत उभा राहिला.

मग मला म्हणाला, "सर, हा वायपर विजेवर चालत नाही. पोकळीवर चालतो."

इंजिन हवा ओढते. पाय वर असला, की हवेच्या वाटेवरची झडप जवळजवळ मिटलेली असते. पिस्टन ओढत राहतात आणि आत निर्वात होतो, पाऱ्याच्या मापाने सतरा ते वीस इंचांचा. तिथून एक रबरी नळी काचेच्या चौकटीवरच्या डबीत जाते. डबीत एक पाते असते. एका बाजूची हवा ओढली गेली, की बाहेरची हवा पात्याला तिकडे ढकलते. टोकाला पोचताच एक छोटी झडप बाजू पालटते आणि पाते परत फिरते. इतकाच सारा खेळ.

इंजिन चालू ठेवून त्याने नळी काढली आणि इंजिनाकडच्या तोटीवर अंगठा ठेवला. ओढ जोरकस होती. नळी पुन्हा बसवून तिच्या दुसऱ्या टोकावर अंगठा ठेवला, तर ओढ निम्मीदेखील नाही. म्हणजे दोष नळीत. क्लिपेखाली रबराला बारीक चीर गेली होती. तिथून हवा आत शिरे, म्हणून इंजिनही उभ्या उभ्या अडखळे. मग त्याने डबी काढून तिच्या तोटीला तोंड लावले आणि शंख उलटा वाजवावा तशी हवा ओढली. पाते हलले, पण कुरकुरत. आतली कड वाळली होती. तेलाचे चार थेंब सोडून त्याने डबी रात्रभर ठेवली. सकाळी नवी नळी घातली, काच आधी ओली केली (कोरड्या काचेवर वायपर कधी चालवू नये, हे मला तेव्हा कळले), आणि वायपर तरण्याबांड पोरासारखा फिरू लागला.

पण पुलाच्या चढावर तो पुन्हा मंदावलाच! माझा चेहरा पडला.

"ते राहणारच, सर," मुलगा म्हणाला. "पाय दाबला, की झडप उघडते, हवा भसकन आत येते, पोकळी संपते. काही जीपांना त्यासाठी पेट्रोलच्या पंपातच जोडपंप असतो. हिला नाही. नळी फाटली होती, तो दोष होता. हा स्वभाव आहे."

हे वाक्य मला फार लागले. वर्गात मी सदा अ‍ॅक्सिलरेटर दाबून असतो. अभ्यासक्रम संपवायचा, परीक्षा गाठायची. या मुलाचे लक्ष नव्हते, की मलाच ते दिसत नव्हते? चार वर्षांत एकदा जरी पाय उचलला असता, तर माझीही काच पुसली गेली असती. त्याला तसे सांगावे, असे मनात आले. तोंडातून निघाले ते एवढेच : "चहा घेणार ना रे?" तो हसून हो म्हणाला.

रविवारी पाऊस होता. गिरगावचे गृहस्थ आले. अण्णांनी किल्ली हातात दिली आणि एकच गोष्ट तीनतीनदा बजावली, "चढावर दिसेनासे झाले, तर जरा पाय उचला." पुलाच्या पायथ्यापर्यंत आम्ही दोघे मागच्या बाकावर बसून गेलो आणि उतरलो. जीप चढू लागली. पाऊस एवढा, की ती लवकरच दिसेनाशी झाली. नुसता इंजिनाचा चढता आवाज येत राहिला. छत्री असून अण्णा भिजत उभे होते, कान देऊन. आवाज क्षणभर खाली आला, पुन्हा चढला.

"उचलला," अण्णा म्हणाले, आणि त्यांनी उपरण्याने स्वतःचे डोळे पुसले.