कूट नसलेला आठवडा

छबीताईची लेक नाताळच्या सुट्टीत लंडनहून पोराला घेऊन येणार होती. तिकिटं काढून झाल्यावर तिचा फोन आला. एकच अट होती, घरात शेंगदाणा नको. अकरा वर्षांच्या त्या पोराला दाणा चालत नाही. आवडत नाही अशातला प्रकार नव्हे, जिवावर बेततं.

कराडजवळच्या आमच्या घराला दाण्याशिवाय राहा म्हणणं म्हणजे विहिरीला पाण्याशिवाय राहा म्हणण्यासारखं. तरी आम्ही चौघं चुलत भावंडं, सगळी साठीच्या आसपासची, दोन दिवस आधी गावी पोचलो आणि पदर खोचून, बाह्या सरसावून कामाला लागलो. कुटाचा पितळी डबा, चटणीची बरणी, कोठीच्या खोलीतलं शेंगांचं पोतं, देवळाच्या जत्रेतून आणलेली चिक्की, घाण्यावरून काढून आणलेलं तेल. पुड्यातल्या रिफाइंड तेलाचं एवढं नसतं, पण घाण्याच्या तेलात दाण्याचा अंश राहतो, असं भाचीनं बजावलं होतं. खलबत्ता घासून घासून हात दुखले, तरी दगडाच्या खाचांतून वास जाईना, तेव्हा तो तसाच उचलून शेजारच्या पाटलांकडे ठेवायला दिला. सगळं संपलं असं वाटलं, तर बाळूला उंदराचा सापळा आठवला. त्यातही दाणाच होता.

थोरल्या काकी पडवीत बसून हे बघत होत्या. वय शहाऐंशी. म्हणाल्या, "अशानं उंदीर तरी काय खाईल?"

घासता घासता आम्ही बोलत होतो, आणि बोलणं आपोआप जुन्यावर गेलं. साठ ते पंच्याहत्तर सालांदरम्यान या घरात आम्ही अकरा पोरं वाढलो. पाळणा एकच. एकाचा पाय बाहेर पडतो न पडतो तोच दुसरं त्यात यायचं. आम्हाला कुणी काय, कधी, किती भरवलं याची नोंद कुठेच नाही, कारण भरवणं हे कुणा एकाचं कामच नव्हतं. ज्याच्या मांडीवर पोर, त्याच्या ताटातलं पोराच्या तोंडात. भाकरीचा पापुद्रा चोखायला हातात द्यायचा, तो चिखलासारखा झाला की दुसरा. मटण शिजलं की मसाला पडण्याआधी वरचं अळणी पाणी वाटीत काढून ठेवलेलं असायचं, ते आधी धाकट्यांना. आमटीत कूट, भाजीत कूट, कोशिंबिरीत कूट, उपासाला तर कुटावरच दिवस. घरात म्हाद्या, म्हणजे कुटाचं तिखट कालवण, झाला की आजोबा बोट बुडवायचे, स्वतः चाटायचे, मग तेच बोट धुऊन-न-धुऊन कुणाच्या तरी जिभेला लावायचे. तिखटानं पोर तोंड वेडंवाकडं करायचं आणि पुन्हा बोटाकडे बघायचं. हा खेळ सुमनला अजून स्पष्ट आठवतो. तिच्यावर झालेला नव्हे, तिच्या धाकट्या भावावर.

उष्टावण रीतसर व्हायचं. सहाव्या किंवा आठव्या महिन्यात मामाच्या मांडीवर, सोन्याच्या अंगठीनं खीर चाटवून. पण खरं सांगायचं तर तोवर पोरानं गुटी घेतलेली असायची. सहाणेवर हळकुंड, वेखंड, मुरुडशेंग, बाळहिरडा, सुंठ, जायफळ, खारीक यांचे मोजून वळसे, आणि शेवटी बदामाचे दोन. म्हणजे सोन्याच्या अंगठीच्या आधीच बदाम पोटात गेलेला. शिवाय वर मधाचं बोट. आज कुठलाही डॉक्टर हे ऐकून कपाळाला हात लावेल, आणि बरोबरच आहे. वर्षाच्या आतल्या मुलाला मध देऊ नये, त्यातून क्वचित का होईना बॉट्युलिझम होतो. सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नको, हे आता बहुतेक डॉक्टर सांगतात. सहाण स्वच्छ होती का, मुळ्या कुठल्या होत्या, हे आमच्या घरात तरी कुणी विचारलं नव्हतं.

भाची आली, पोरगं आलं. पोरगं गोड आणि दांडगं. पाठीवरच्या छोट्या पिशवीत दोन इंजेक्शनं, पेनासारखी. त्यात अॅड्रेनलिन असतं. घसा आवळायला लागला, श्वास घरघरू लागला तर मांडीच्या बाहेरच्या बाजूला दाबून धरायचं आणि लगेच दवाखाना गाठायचा. एक पुरलं नाही तर दुसरं, म्हणून दोन. पहिल्याच संध्याकाळी त्यानं स्वतः आम्हा सगळ्यांना ओळीनं उभं करून ते शिकवलं, सरावाच्या बिनसुईच्या पेनावर. बाळूनं उलटं धरलं, तर त्यानं मास्तरासारखं दटावलं.

रात्री माजघरात भाची सांगत बसली. तिचा मुलगा २०१३चा. तिसऱ्या महिन्यापासून त्याला इसब होतं, गाल आणि कोपरं सोललेली. त्या वेळी तिच्या ओळखीच्या आया अजून एकमेकींना सांगत, तीन वर्षांपर्यंत दाणा देऊ नका. हा सल्ला हवेतून आलेला नव्हता. ब्रिटनमध्ये १९९८ साली सरकारी समितीनं घरात अॅलर्जी असलेल्यांना तसं सुचवलं होतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २००० साली तेच सांगितलं, धोका असलेल्या मुलांना दाणा तीन वर्षांनंतर, अंडं दोन वर्षांनंतर. पुढे २००८-०९च्या सुमारास दोन्हीकडे हे सल्ले मागे घेतले गेले. पण सल्ला कागदावरून जितक्या लवकर निघतो तितक्या लवकर आयांच्या तोंडातून निघत नाही. तिनं दाणा दिला नाही. चौदाव्या महिन्यात कुणाच्या तरी घरी पीनट बटर लावलेलं बिस्किट पोराच्या हाती लागलं, आणि ती रात्र दवाखान्यात गेली.

"आणि त्याच गावात, मावशी," ती म्हणाली, "तेव्हा एका उलट प्रयोगाचा शेवट चालला होता."

लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या गिडियन लॅक यांना एक गोष्ट खटकली होती. ब्रिटनमधल्या ज्यू मुलांत दाण्याची अॅलर्जी इस्रायलमधल्या ज्यू मुलांच्या मानानं दसपट. वंश साधारण एक, मग फरक कशात? इस्रायलमध्ये बांबा नावाचा मक्याचा कुरकुरीत खाऊ मिळतो, वर दाण्याचं आवरण. तिथली पोरं दात येण्याच्या वयापासून तो चोखतात. आपल्याकडच्या पापुद्र्यासारखाच म्हणा. हे २००८ साली छापून आलं. मग त्यांनी ४ ते ११ महिन्यांची ६४० मुलं घेतली, सगळी जास्त धोक्याची, म्हणजे इसब जोरात असलेली किंवा अंड्याची अॅलर्जी असलेली. निम्म्यांना आठवड्यातून तीनदा तरी दाण्याचं काहीतरी द्यायचं, निम्म्यांना अजिबात नाही, पाच वर्षांपर्यंत. २०१५ साली निकाल आला. टाळणाऱ्यांत शंभरात सुमारे सतरा मुलांना अॅलर्जी, खाणाऱ्यांत तीन. देण्याचं प्रमाण आठवड्याला सहा ग्रॅम प्रथिनं, दाण्यांत मोजायचं तर पंचवीसेक ग्रॅम. आमच्या घरात एका भाजीत जेवढं कूट पडायचं त्याहून कमीच.

निकाल आला तेव्हा भाचीचा मुलगा दोन वर्षांचा होता. "आम्ही काही चूक केली नाही," ती म्हणाली, "फक्त दोन वर्षं आधी जन्माला घातला." आणि लवकर दिलं असतं तर टळलंच असतं असंही कुणी छातीठोक सांगू शकत नाही, हेही तिनंच म्हटलं. खाणाऱ्यांतही तीन होतेच.

आम्ही चौघं मात्र ते ऐकताना थोडे फुशारलो होतो, कबूल करायला हवं. बाळू तर म्हणालाच, "म्हणजे आज्जीचंच खरं. आम्हाला नाही कुणाला काही झालं!"

यावर सुमन हसली आणि तिनं त्याच्या वांग्याची आठवण काढली. बाळूला लहानपणी वांगं खाल्लं की ओठ खाजायचे, अंगावर गांधी उठायच्या. काकी आमसुलाचं पाणी चोळायच्या, घोंगडीवर निजवायच्या, आणि "त्याला वांगं सोसत नाही" एवढं म्हणून विषय संपायचा. 'सोसत नाही', 'बाधतं', 'पित्त उठलं'. शब्द एवढेच होते आमच्याकडे, आणि ते पुरायचे. अॅलर्जी हा शब्द या घरात सुमनच्या लग्नानंतर आला, तोही धुळीच्या शिंकांसाठी.

भाचीनं मग आमच्या फुग्याला आणखी एक टाचणी लावली. दाणा तोंडातून आत गेला तर शरीर त्याला बहुधा घरचा मानतं. फाटक्या, सोललेल्या कातडीतून आधी आत गेला तर परका. इसब असलेल्या बाळांच्या अंगाला दाण्याचं तेल असलेली मलमं लावली गेली, तिथे अॅलर्जी जास्त आढळली, असं ब्रिटनमधल्याच एका अभ्यासात २००३ साली दिसलं होतं. छबीताई एकदम गप्प झाली. कारण आमच्या घरात खोबरेल महाग पडायचं आणि बाळाची टाळू घाण्याच्या तेलानं भरली जायची, अंगही त्याच तेलानं चोळलं जायचं, वर डाळीचं पीठ आणि दुधाची साय. म्हणजे परक्या वाटेनंही सगळं आत जातच होतं. फक्त त्याच आठवड्यात कुणीतरी तोंडाच्या वाटेनंही चाटवत होतं. यात शहाणपण किती आणि ताट एक असणं किती, मला सांगता येणार नाही. माझा कल ताटाकडे आहे. आमच्या आज्ज्यांनी काही ठरवून केलं असतं तर एखादा तरी नियम आम्हाला ठाऊक असता. नियम होते ते बाळंतिणीला : दाणे नको, हरभरा नको, पोराला वात होतो. पोराला स्वतःला कूट चालायचं, आईला नाही. लावा यात तर्क.

आणि दाणा घशात अडकणं होतंच. छबीताईच्या धाकट्या भावाच्या घशात अख्खा दाणा गेला, तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्या नानांनी त्याला पायाला धरून उलटा केला आणि पाठीत धपाटे घातले. दाणा बाहेर पडला, पोर रडलं, नाना पुन्हा पान लावायला बसले. आम्ही ही गोष्ट पन्नास वर्षं हसून सांगत आलो. चार-पाच वर्षांपर्यंत अख्खा दाणा देऊच नये, कूट किंवा वाटून पातळ करून द्यावं, हे ऐकल्यावर ती तितकीशी हसण्यासारखी राहिली नाही.

थोरल्या काकी इतका वेळ काही बोलल्या नव्हत्या. मधल्या काळात त्यांना मोह झाला होता, हे मी पाहिलं होतं. दुपारी पोरगं त्यांच्या शेजारी बसलेलं असताना त्या माझ्या कानाशी म्हणाल्या होत्या, "एवढंसं चाटिवलं तर काय हुतंय? अंगवळणी पडंल." मी म्हटलं, काकी, ते बाळपणी. आता त्याचं शरीर वैर धरून बसलंय, आता चाटवायचं तर डॉक्टरांसमोरच. त्यांनी मान हलवली, पटल्यासारखी नव्हे.

आता त्यांनी ते पेन हातात घेऊन उलटसुलट केलं. "हे कवापासनं मिळतंय?"

भाची म्हणाली, अमेरिकेत ऐंशीच्या दशकापासून.

काकींचा पहिला मुलगा राहिला नाही, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. बाळूच्या आधीचा. दहा महिन्यांचा होता. दृष्ट लागली असं म्हणत, आणि त्यापुढे कुणी काही बोलत नसे. आम्ही अकरा म्हणतो तेव्हा त्याला कधीच धरत नाही.

"अंगावर लाल उठलं हुतं," काकी म्हणाल्या. "काय खाल्लं, काय झालं, कुणी सांगिटलं न्हाई. मी बी इचारलं न्हाई." पेन त्यांनी पोराच्या पिशवीत स्वतः ठेवलं आणि चेन ओढली. ते दाण्यानं झालं असेल असं मी म्हणत नाही. गोवर असेल, ताप असेल, काहीही असेल. बाळूनं मात्र त्यानंतर 'आम्हाला नाही काही झालं' हे वाक्य त्या आठवड्यात पुन्हा उच्चारलं नाही.

दोन दिवसांनी एकादशी आली. काकींचा उपास कधी चुकलेला नाही आणि त्यांची खिचडी कुटाशिवाय कधी झालेली नाही. सकाळी त्यांनी भिजलेल्या साबुदाण्याकडे बराच वेळ पाहिलं, मग सुमनला नारळ खवायला बसवलं. तूप, जिरं, हिरवी मिरची, बटाटा आणि कुटाच्या जागी ओलं खोबरं. "नारळ चालतो ना त्याला?" हे भाचीला तीनदा विचारून झालं. पोरानं दोनदा मागून घेतली.

काकींनी एक घास खाल्ला, चावला, गिळला.

"कोकणातली झाली," त्या म्हणाल्या, आणि पोराच्या ताटलीत तिसऱ्यांदा वाढली.