हिरकणीच्या बाळाचे काय?

गेली अठरा वर्षे मी कॉलेजात मराठी शिकवतो. इतक्या वर्षांत एकाही विद्यार्थ्याने मला प्रश्न विचारून अडवलेले नाही. त्यामुळे आपल्याला सगळी उत्तरे येतात, असा माझा एक गोड गैरसमज होता. तो गेल्या डिसेंबरात, समुद्रसपाटीपासून सुमारे २,७०० फुटांवर, रायगडाच्या माथ्यावर दूर झाला. दूर करणारी व्यक्ती सहा वर्षांची असून तिचे नाव चिमी आहे.

आधी घरचा मामला सांगतो. गेल्या वर्षी जूनमध्ये आमच्या सौ.ची बँकेतून नागपूरला बदली झाली. तेव्हापासून आमच्या पुण्याच्या घरी स्वयंपाक आजी करते, वेण्या मी घालतो आणि दोन्हींवर टीका चिमी करते. आई महिन्यातून दोनदा येते. रविवारी तिला स्टेशनावर पोचवून आलो की चिमी रडत नाही. नुसते माझे बोट घट्ट धरून झोपते. ते बोट सोडवून घेणे मला कधी जमलेले नाही. नाताळच्या सुट्टीत पोरीचे मन कुठेतरी रमवावे म्हणून मी रायगड ठरवला. मराठीचा प्राध्यापक दुसरीकडे कुठे नेणार!

ताम्हिणी घाटाच्या वळणांना चिमीने खिडकीतून दोनदा दाद दिली आणि आम्ही पाचाडला पोचलो. इथे जिजाबाईंचा वाडा आहे, समाधी आहे. ६ जून १६७४ ला राज्याभिषेक झाला आणि १७ जूनला त्या माउलीने इथेच डोळे मिटले. हे सारे मी गहिवरून सांगत होतो.

"त्या वर गडावर का नाही राहायच्या?" चिमीने विचारले.

"वरचा गार वारा त्यांना सोसत नसे, असं सांगतात. म्हणून महाराजांनी इथे वाडा बांधून दिला."

"मग महाराज रोज खाली यायचे?"

"अगं, त्यांना राज्याचं केवढं काम!"

"म्हणजे पंधरा दिवसांनी यायचे," चिमीने परस्पर निकाल दिला.

गड पायी चढायचा, असा माझा बाणा होता. पायऱ्या दीड हजाराच्या घरात. चिमी त्या मोजू लागली. पण तिला एकोणचाळीसनंतर चाळीस आठवत नाही, म्हणून ती पुन्हा विसावर येई. त्या हिशेबाने गड जन्मात संपला नसता. माझ्या गुडघ्यांचे मतही तेच पडले. शेवटी आम्ही मुकाट्याने खाली उतरलो आणि १९९६ साली सुरू झालेल्या रोपवेने काही मिनिटांत माथ्यावर पोचलो. "आधीच यात बसायचं ना," एवढेच चिमी म्हणाली.

वर आम्हांला फेटेवाले वयस्क गाइड भेटले. २०२५ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मराठ्यांचे जे १२ किल्ले निवडले त्यांत रायगड आहे, हे त्यांनी अशा थाटात सांगितले की, शिफारस त्यांचीच असावी. मग हिरकणीची आख्यायिका निघाली. गडावर दूध घालायला आलेली गवळण, सूर्यास्ताला बंद झालेले दरवाजे, घरी तान्हे बाळ, आणि काळोखात तो भयंकर कडा उतरून गेलेली आई. महाराजांनी तिला साडीचोळी दिली, त्या कड्यावर बुरूज बांधला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

चिमीने शाळेतल्यासारखा हात वर केला.

"बाळ रडत होतं का?"

"रडणारच की, पोरी! भुकेलं होतं ते."

"मग महाराजांनी बाळाला काय दिलं?"

गाइडांनी माझ्याकडे पाहिले. मी कड्याकडे पाहिले.

"आणि हिरकणीनं रजेचा अर्ज का नाही दिला? माझी आई देते."

सगळे हसले. मीही हसलो, पण तो अर्ज नामंजूर झाल्याचा फोन मला आदल्याच आठवड्यात आला होता.

पुढे राजसभा. नगारखान्यापाशी कुजबुजले तरी सिंहासनाच्या जागी ऐकू येते, असे गाइड म्हणाले. प्रयोग झालाच पाहिजे! चिमी त्यांच्याबरोबर नगारखान्यात, मी मेघडंबरीपाशी. तिने तोंडाशी हात धरून काहीतरी म्हटले. नेमकी तेव्हाच एक शाळेची सहल गलका करत आत शिरली. मला अक्षरही ऐकू आले नाही. तरी मी हात उंचावून 'ऐकलं' अशी खूण केली.

ती धावत आली. "काय म्हटलं मी?"

"जय भवानी!"

चिमीचा चेहरा उतरला. "बाबा, महाराजांच्या समोर खोटं?"

मी तिला घेऊन बाजूला दगडावर बसलो. चुकलो, म्हणालो. ती थोडा वेळ गप्प राहिली.

"आई मार्चमध्ये कायमची येणार म्हणालास, तेपण असंच?"

ते तसेच होते. मार्च हा महिना मीच शोधून काढला होता.

"मला माहीत नाही, चिमे," मी म्हणालो. "आईलाही माहीत नाही."

वाटले, आता ही रडणार. ती समोर बघत राहिली. मग म्हणाली, "दरवाजा सकाळी उघडणारच होता ना? मग हिरकणी थांबली का नाही?"

"बाळ वाट बघत होतं म्हणून."

"हं," चिमी म्हणाली. एवढे उत्तर तिला पुरले.

"पण तू म्हणालीस तरी काय?" मी विचारले.

"आता नाही सांगणार. आईला सांगेन."

रात्री पाचाडच्या मुक्कामी तिने फोन घेतला, माझ्याकडे पाठ केली आणि तोंडाशी हात धरून तेच काहीतरी कुजबुजली. राजसभेतून मला जे ऐकू आले नाही, ते नागपूरला नीट पोचले असावे. कारण पलीकडे बराच वेळ शांतता होती, आणि मग कोणीतरी नाक ओढल्याचा आवाज आला.

मार्च आला नि गेला. बदली अजून झालेली नाही. दिवाळीला आई चार दिवस येते आहे. नक्की चारच, असे मी चिमीला सांगून ठेवले आहे.