दचकणारा रेडिओ

तर झालं असं, की आमच्या बाबांचा रेडिओ चार सेलवर चालतो आणि सेल बदलून बदलून ते वैतागले होते. इथे दिघ्यातच एमआयडीसीत तीस वर्षं फिटर होते. आता निवृत्तीनंतर त्यांची सकाळ रेडिओशिवाय सुरू होत नाही. म्हटलं, घरात इंजिनिअर असून उपयोग काय? १२ व्होल्टचा जुना ट्रान्सफॉर्मरवाला अडॅप्टर पडून होता. त्यातून ६ व्होल्ट काढायचे, बस्स.

शनिवारी दिघा गाव स्टेशनवरून (हे २०२४ च्या जानेवारीत सुरू झालं) ठाणे, दादर करत ग्रँट रोड गाठलं आणि लॅमिंग्टन रोडवरून एलएम३१७ आणला. सूत्र कॉलेजपासून पाठ: १.२५ × (१ + आर२/आर१). घरात १ के आणि ३.९ के होते. उत्तर ६.१. गुणोत्तर जुळलं, विषय संपला!

रेडिओ गायला लागला. दोन दिवसांनी बाबा म्हणाले, "अरे, सुरू करताना हा रोज दचकतो." खरंच, 'फट्' असा आवाज येत होता. रेडिओ बंद ठेवून मीटर लावला, तर ११ व्होल्टच्या वर! पोटात गोळाच आला.

मग डेटाशीट नीट वाचली. एलएम३१७ ला ताब्यात राहायला थोडा करंट सतत बाहेर जावा लागतो; खात्रीसाठी १० मिलिअँपिअर. माझ्या १ के मधून जात होता जेमतेम सव्वा. रेडिओ बंद झाला की व्होल्टेज वर चढायचं, कपॅसिटर तेवढा भरायचा आणि सकाळी ते सगळं रेडिओवर आदळायचं. (बेंचवर बसलेल्या आयटीवाल्यासारखंच. काम नाही, की भरकटला!)

म्हणजे आधी आर१ करंटवरून ठरवायचा: १.२५ भागिले ०.०१, म्हणजे १२५. बाजारात मिळतो १२० ओहम. नेहमीच्या सर्किटमधला २४० हा एलएम११७ चा, त्याला ५ मिलिअँपिअर पुरतात. मग आर२: ३.८ × १२० = ४५६, जवळचा ४७०. अ‍ॅडजस्ट पिनचे ५० मायक्रोअँपिअरही आर२ मधूनच जातात, ३.९ के वर त्यांनी ०.२ व्होल्ट वाढत होते, ४७० वर फक्त ०.०२.

रविवारी दोन्ही बदलले. रेडिओ बंद, मीटरवर ६.१७. बाबांनी तो सुरू केला, बंद केला, पुन्हा सुरू केला.

"आता नाही दचकत," म्हणाले. मग हळूच, "त्या दिवशी रेडिओ जोडायच्या आधी मीटर लावला नव्हतास ना?"

तीस वर्षं फिटर होते. असो!