सेन्रीपेक्षां तेनरी बरी

जपानांतील नारा शहराहून आगगाडीनें पाव तासांत आम्ही तेनरीस पोहोंचलों. गांव तेनरीक्यो पंथाचें क्षेत्र म्हणून प्रसिद्ध. आम्हांस ओढ होती ती निराळ्याच गोष्टीची.

१९७० सालीं ओसाकाजवळ सेन्री येथें जागतिक प्रदर्शन भरलें. शार्प कंपनीनें तेथें मंडप न उभारतां तो पैसा तेनरीच्या कारखान्यांत व संशोधनशाळेंत घातला. द्रवस्फटिकांचा आंकडे दाखविणारा पडदा अमेरिकेंत आर. सी. ए. कंपनीच्या संशोधकांनीं १९६८ मध्येंच जगापुढें मांडला होता. परंतु नमुना प्रयोगशाळेंत चालणें वेगळें आणि तोच हजारों घरांत टिकणें वेगळें! एकाच दिशेच्या विद्युत्प्रवाहानें तो द्रव लवकर बिघडे; दिशा पालटणारा प्रवाह दिल्यावर तो दीर्घकाळ टिकूं लागला. १९७३ मध्यें शार्पचें खिशांत मावणारें गणकयंत्र असा पडदा लेवून बाजारांत आलें. एका लहानशा बॅटरीवर तें सुमारें शंभर तास चाले. सेन्रीचें प्रदर्शन मात्र सहा महिन्यांत आटोपलें होतें.

आमच्या घरीं सध्यां पुतण्याच्या लग्नाचा मंडप केवढा घालावा, याची चर्चा चालू आहे. त्यास स्वतःचा लहानसा कारखाना काढावयाचा आहे. परतल्यावर वडील मंडळींस तेनरीची ही हकीकत सांगावयाची, असें आम्हीं गाडींतच ठरविलें.